हलकं म्हणण्याआधी

३ फेब्रुवारी

चिमणे,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहून खोडलंय, ते तुला दिसेलच. खोडलं, कारण तू म्हणशील, हे आशीर्वाद मागितले कुणी? फोन तू उचलत नाहीस. म्हणून पत्र लिहितोय. पत्र फाडायचं झालं तरी ते हातात घ्यावं लागतं.

विषय साधा आहे. नाट्यमहोत्सवाची पुस्तिका आली. सात दिवस, तीन ठिकाणं, चोवीस खेळ. आणि मी चार वर्षं निवृत्त! एकतीस वर्षं दर महोत्सवाला मी वरचे पडदे ओढले, पण एक नाटक समोर बसून पाहिलं नाही. मला नट ओळखू येतात ते टाळूवरून. एकाला टक्कल पडतंय हे त्याच्या बायकोच्या आधी मला कळलं होतं. तर यंदा ठरवलंय, तिकीट काढून खुर्चीवर बसायचं. तुझी आई असती तर लाल पेन्सिल घेऊन खुणा केल्या असत्या. हा बघू, तो नको, याच्यात फार रडतात. ती नाही, तर ते काम माझ्या गळ्यात पडलंय.

पण मला पुस्तिका वाचता येत नाही गं. लोक नाव बघतात, लेखक बघतात. मी वर काय टांगणार ते बघतो. 'राजवाड्यातील झुंबर' वाचलं की मनात येतं, किती वजनाचं, किती कड्या, खाली कोण उभं राहणार.

आणि पान सातवर तुझं नाव. चोवीस तारीख, मोठं सभागृह, दुपारी तीन. दिग्दर्शन तुझं, भूमिकाही तुझी. दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. खाली दोन ओळी आहेत: 'दोन बहिणी आणि त्यांच्यामधली भिंत. शेवटच्या प्रवेशात भिंत सावकाश खाली उतरते.'

भिंत कापडी आहे की लाकडी? एवढंच कळव. सहज विचारतोय.

तुझा बाबा


८ फेब्रुवारी

चिमणे,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, तरी पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की मी दारात असतो. तो आता लांबूनच मान हलवतो.

तोवर माझी यादी करून झाली. एकवीसला सकाळचा खेळ, मोठं सभागृह. दुपारचाही तिथलाच. बावीसला तीन, तेही तिथलेच. तेवीसला एक. चोवीसला तुझा. पंचवीस ते सत्तावीस अजून कोरे आहेत, त्याचं पुढे बघू. सगळ्या खेळांना उजवीकडची शेवटची खुर्ची, तिसऱ्या रांगेत. तिकीटखिडकीवरची बाई म्हणाली, "काका, छोट्या सभागृहात यंदा छान छान नाटकं आहेत, आणि तुम्ही मोठ्यातच काय ठाण मांडलंय? आणि ही खुर्ची? इथून अर्धा रंगमंच दिसतच नाही." म्हटलं, मला दिसतं तेवढं पुरे.

त्या खुर्चीवरून उजव्या विंगेत दोरांची जागा दिसते. तिथे आता माझ्या जागेवर घाईमास्तर असतो. तुला तो माहीत नाही, तू जाऊन पाच वर्षं झाल्यावर आला. चाळिशीचा आहे, अंगाने दणकट, मनाने चांगला. नाव का पडलं ते वेगळं सांगायला नको. पायात चप्पल घालायलाही तो थांबत नाही, चालता चालता घालतो.

आता मुद्द्याचं. तुमचा खेळ पाचला संपणार आणि पुढच्यांचा पावणेसहाला सुरू. मध्ये पाऊण तास. त्यात तुमची भिंत सोडवायची, त्यांचं सामान टांगायचं. चिमणे, हे मला बरोबर वाटत नाही. आयोजकांना सांगून खेळ छोट्या सभागृहात घे. तिथे वर काहीच टांगता येत नाही, भिंत ढकलत आणता येईल. नाहीतर कापडाची कर. नाहीतर सोडवायला तुम्ही जाऊ नका, सभागृहाच्या माणसांना करू दे. तीन 'नाहीतर' झाले. कुठला तरी एक ऐक.

काळजीपोटी लिहितोय. दुसरं काही नाही.

बाबा


१४ फेब्रुवारी

चिमणे,

तुझं पत्र मिळालं. नऊ वर्षांत पहिलं. पाकिटावरचं अक्षर बघून दारातल्या दारात खाली बसलो. पोस्टमन म्हणाला, "वाईट बातमी आहे का काका?" म्हटलं, अरे नाही, मुलीचं पत्र आहे.

आत सहा ओळी. त्या मी इथे परत लिहून काढतो, म्हणजे मी नीट वाचलंय हे तुला कळेल.

"बाबा, भिंत लाकडाची आहे आणि ती लाकडाचीच राहणार. कड्या सोडवायला खाली तो असणार आहे. नऊ वर्षांनी तो पुन्हा रंगमंचावर पाय ठेवतोय, त्याच सभागृहात, त्याच कामाला. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, डाव्याने करेल. तो म्हणतो, 'हलकं' ऐकलं की सोडतो. त्या दिवशीही ऐकूनच सोडलं होतं. तुम्ही नाटक बघायला येऊ नका."

वाचलं. घडी घालून खिशात ठेवलं, काढून पुन्हा वाचलं.

जावई सभागृहात परत येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मला वाटलं होतं, फर्निचरच्या दुकानात बसतात, बरं चाललंय. मी त्यांच्याबद्दल वाईट बोललेलो नाही. चौकशीत जे विचारलं, त्याचं उत्तर दिलं. 'कामगाराने इशाऱ्याची वाट न पाहता कड्या सोडल्या' हे वाक्य मी नाही लिहिलं, तिघा साहेबांनी लिहिलं. असो. ते उकरून काढायला हे पत्र नाही.

फक्त एक करा. 'हलकं' ऐकू आलं तरी लगेच सोडू नका. आधी शंभर आकडे मोजा. शंभर नको, दीडशे मोजा. का, ते विचारू नकोस. म्हातारा सनकी झालाय असं समज. म्हाताऱ्यांच्या सनका पुरवतात लोक.

मी येणार नाही असं नाही म्हणत. तिकीट काढलंय.

बाबा


२१ फेब्रुवारी

चिमणे,

हे पत्र पोस्टात टाकून उपयोग नाही, तुम्ही निघाला असाल. लिहून ठेवतो. तेवीसला तुमची मंडळी उतरतील तिथे देईन. देईन की नाही ते बघू.

आज दोन खेळ पाहिले. पाहिले म्हणजे मी तिथे होतो. पहिल्यात एक सरदार आणि त्याची विधवा वहिनी आहे. काय झालं त्यांचं, मला विचारू नकोस. माझी नजर उजव्या विंगेत. शेजारच्या बाईंनी दोनदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं असेल, हा माणूस कुणाला तरी शोधतोय.

खेळ संपला, पडदा पडला, टाळ्या सुरू झाल्या. लोक उठायला लागले, मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिलो. पडद्यामागून घाईमास्तरचा आवाज आला, "हलकंऽऽ!"

पडदा पडल्यापासून अकरा सेकंद.

तुला ही सगळी भानगड लहानपणापासून माहीत आहे. वर छतालगतच्या माच्यावर बसून तू डबा खायचीस, मी तुला चिमणी म्हणायला लागलो ते तिथेच. तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय माझंच डोकं ठिकाणावर येणार नाही. भिंत दांडीला कड्यांनी अडकवलेली असते. दांडीचे दोर वर चाकांवरून जाऊन पाळण्याला बांधलेले. पाळण्यात लोखंडी वजनं, भिंतीच्या भाराची. तराजूच झाला. भिंत खाली जमिनीवर आली की पाळणा पार वर जातो, माच्यापाशी. आता भिंत सोडवायची तर आधी माच्यावर चढायचं, बावन्न पायऱ्यांची लोखंडी शिडी, पाळण्यातली वजनं एकेक करून काढायची, आणि मग खाली ओरडायचं: हलकं! म्हणजे पाळणा हलका झाला, आता सोडा. त्याआधी कड्या सोडल्या तर भरलेला पाळणा धाडकन खाली येतो आणि मोकळी दांडी सूं करून वर जाते. ज्याचा हात तिच्यात असेल, त्याला घेऊन.

अकरा सेकंदांत माणूस बावन्न पायऱ्या चढत नाही. बाराव्या पायरीवरही पोचत नाही.

दुपारच्या खेळात झुंबर होतं. तिथे मला वाटलं, आता तरी तो चढेल. एकोणीस सेकंद.

झुंबराला काही झालं नाही. कुणालाच काही झालं नाही. लोक हसत बाहेर पडले. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. बाई म्हणाल्या, "इतकं मनावर घेऊ नका हो, नाटकच आहे ते."

बाबा


२२ फेब्रुवारी

चिमणे,

सकाळच्या खेळाआधीच घाईमास्तरला गाठला. म्हटलं, "काय रे, तू वर चढत नाहीस?"

तो खुशीत होता. "काका! तुम्ही? या, या. चहा?"

"चहा राहू दे. वजनं न काढता 'हलकं' ओरडतोस ना?"

"अहो, मग? खालीच दोराला खटका लावतो, शिवाय एक पीळ देतो. सामान सुटेपर्यंत दोर धरून ठेवतो तो. मग निवांत चढून वजनं काढतो. पाऊण तासात तीन-तीन दांड्या असतात, दर वेळी चढत बसलो तर नाटक उद्या सुरू होईल."

"आणि खटका सुटला तर?"

"काका, तुम्हीच तर शिकवलंत."

शिकवलंय. माझं शेवटचं वर्ष होतं, त्याचं पहिलं. या हातांनी त्याला पीळ कसा द्यायचा ते दाखवलंय. शाबासकीसुद्धा दिली होती.

म्हटलं, "परवा लाकडी भिंत आहे. चौदा वजनं लागतील. एकेक दहा किलोचं. खटका धरणार नाही."

"धरतो हो. झुंबराला नऊ होती, धरली की."

तिथून उठून व्यवस्थापकाकडे गेलो. तो तुझ्या वयाचा. समोर दोन फोन, दोन्हींवर बोलत होता. मी सांगितलं ते त्याने अर्ध्या कानाने ऐकलं. म्हणाला, "काका, लेखी द्या. कोणती पद्धत, कधीपासून चालू आहे, तुम्हाला कसं माहीत, सगळं लिहून द्या. जुनी फाईल काढून जोडतो. नाहीतर निवांत नाटकं बघा ना, निवृत्त झालात."

कधीपासून आणि तुम्हाला कसं माहीत. कागद पुढे ओढला, पेन उघडलं, बंद केलं. म्हटलं, उद्या देतो.

बाहेर आलो आणि पायरीवरच बसलो. तिकीटखिडकीवरची बाई पाणी घेऊन आली. दुपारच्या दोन्ही खेळांना गेलो नाही. तिकिटं फुकट गेली.

मला फार भीती वाटतेय, चिमणे. हे मी कुणाला म्हणू? तुझी आई होती तोवर तिला सांगावं असं दहादा मनात आलं. ती म्हणायची, "तुम्ही झोपेत एकच शब्द ओरडता." कुठला, ते तिने कधी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. तिला कळलं होतं असं मला आता वाटतं. कळूनही चार घास समोर वाढत राहिली.

बाबा


२३ फेब्रुवारी, सकाळ

चिमणे,

आज दुपारी तुमची गाडी येईल. हे पत्र आणि आधीची दोन, तिन्ही तुमच्या उतरण्याच्या जागी कचेरीतल्या माणसाच्या हातात देणार आहे. हे त्यांना वाचून दाखव. तुझ्या नवऱ्याला. एकटी वाचून ठेवू नकोस.

त्या दिवशी मी ओरडलो होतो.

'हलकं' मीच म्हणालो. त्यांनी ऐकलं ते बरोबर ऐकलं. टाळ्या चालू होत्या म्हणून बाकी कुणाला ऐकू गेलं नाही, आणि त्याच टाळ्यांच्या आड मी नऊ वर्षं लपलो.

वजनं काढली नव्हती. मी चढलोच नव्हतो. त्याच्या महिनाभर आधी मला शिडीवर चक्कर आली होती, बत्तिसाव्या की तेहतिसाव्या पायरीवर. दोन्ही हातांनी शिडीला मिठी मारून किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी मला घरी बसवलं असतं. त्यानंतर शिडीकडे मान वर करून बघितलं तरी हातापायांतलं बळ जायचं. मग ही युक्ती काढली. खटका, पीळ, आणि खालूनच हाळी. हलक्या पडद्यांना चालायचं. एक महिना चाललं. त्या दिवशी दांडीला जड दरवाजा होता, मला माहीत होतं जड आहे. मी शिडीकडे पाहिलं, खटक्याकडे पाहिलं, आणि ओरडलो.

पुढचं तू पाहिलंस. त्यांचा उजवा हात साखळीत होता. दांडी त्यांना उचलून दीड पुरुष उंच घेऊन गेली आणि तिथून तिने सोडून दिलं. पाळणा आदळल्याचा आवाज माझ्या कानातून जात नाही. तू धावत आलीस. आधी त्यांच्याकडे गेलीस, मग माझ्याकडे वळलीस आणि विचारलंस, "बाबा, तुम्ही ओरडला होतात?"

मी म्हटलं, "नाही."

ते काही विचार करून म्हटलं नव्हतं. आधी तोंडातून निघालं, मग कळलं काय निघालं ते. त्यानंतर प्रत्येक वेळी तेच म्हणावं लागलं. डॉक्टरसमोर, साहेबांसमोर, तुझ्या आईसमोर. तुला तेव्हाच खरं कळलं होतं बहुतेक. तू त्यांचा हात धरून निघून गेलीस, आणि मी लोकांना सांगत सुटलो, पोरगी बापावर उलटली.

याहून वाईट अजून पुढे आहे. त्यानंतरही मी ती पद्धत सोडली नाही. दुसऱ्या दिवसापासून शिडी चढायला लागलो असतो तर लोकांनी विचारलं असतं, मग आधी चढत नव्हता का? म्हणून पाच वर्षं तसाच ओरडत राहिलो, खालून, जीव मुठीत धरून. आणि जाताना दुसऱ्याला शिकवून गेलो. उद्या 'हलकं' म्हणून जो ओरडेल त्याच्या तोंडात माझाच शब्द असेल.

म्हणून, पाया पडतो, 'हलकं' ऐकून कडी सोडू नका. मी उद्या स्वतः वर चढणार आहे. घाईमास्तरशी बोललोय, ओरडायचं मी, असं ठरलंय. पण तरी माझ्या शब्दावरही सोडू नका. वर बघा. विचारा. मोजून घ्या.

लेखी जबाब व्यवस्थापकाच्या टेबलावर आज ठेवून येतो. सगळं लिहिलंय.

पत्राखाली काय लिहू, कळत नाही.


२५ फेब्रुवारी

जावईबापू,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. लग्नाच्या वेळीसुद्धा तुमच्या वडिलांनाच लिहिलं होतं. काल तुम्ही खाली होतात आणि मी वर. तिथे काय झालं ते तुम्हाला दिसलं नसणार, म्हणून सांगतो.

पत्रं पोचली की नाही हे मला माहीत नव्हतं. कचेरीतला माणूस झोपाळू होता, त्याने ती खणात टाकून दिली असं मी रात्रभर धरून चाललो. खेळ सुरू झाला तेव्हा माझी खुर्ची रिकामी होती, मी शिडीच्या तळाशी उभा होतो. दोन्ही बहिणींचं भांडण कानावर पडत होतं. चिमणीचा आवाज किती भरला आहे आता! शब्द एक कळला नाही, नुसता आवाज ऐकत होतो. भिंत उतरायला लागली तसा पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

बत्तिसाव्या पायरीला डोळे मिटले. तेहतीस, चौतीस मिटल्या डोळ्यांनीच चढलो. माच्यावर गुडघ्यांवर रांगत गेलो. पासष्ट वर्षांचा माणूस, बघणारं कुणी नव्हतं ते बरं. पाळणा समोर होता, चौदा वजनं एकावर एक. टाळ्या सुरू झाल्या. मी पहिलं काढलं. दुसरं. तिसरं काढायला दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले.

आणि खालून आवाज आला, "हलकंऽऽ!"

घाईमास्तर. कबूल करून, मान डोलवून, तरी. पुढच्या नाटकवाल्यांनी विंगेत सामान आणून उभं केलं होतं, ते बघितलं आणि त्याचं तोंड उघडलं. त्याला दोष देत नाही. ती सवय त्याला मीच लावली होती.

उरलेली बाराही वजनं पाळण्यात होती आणि माझे हात त्यांच्यावर. तुम्ही एक कडी सोडली, दुसरी सोडली की खटका सुटणार, पाळणा जाणार, आणि त्याच्याबरोबर मी. मला ओरडायचं होतं, थांबा! टाळ्यांवरून तो आवाज खाली पोचणार नव्हता. हात काढून घ्यावे, तर तेही हलेनात. मी खाली पाहिलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा वरून खाली पाहिलं. तुमची टाळू दिसली. केस पांढरे झालेत तुमचे. डावा हात पहिल्या कडीवर होता.

आणि तो हात थांबलेला होता.

तुम्ही मान वर केलीत. पत्र वाचलंय हे मला तेव्हा कळलं. घाईमास्तर ओरडला, "अहो, सोडा ना!" पुढच्या नाटकाचा कुणीतरी ओरडला, "वेळ होतोय!" तुम्ही कुणाकडे पाहिलं नाहीत. तुम्ही माझ्याकडे बघत होतात आणि मी काढत होतो. चौथं, पाचवं. मधे एकदा वाटलं, यांनी आता सोडली तर? सोडली असती तरी मला बोलायला तोंड नव्हतं. नऊ वर्षांचा हिशेब एका कडीत चुकता झाला असता. तुमचा हात कडीवरच होता आणि माझे पाळण्यात. सगळी वजनं निघेपर्यंत मला एवढंच दिसत होतं.

शेवटचं काढून ठेवलं आणि म्हटलं, "हलकं." फार मोठ्याने नाही निघालं.

तुम्ही तरीही सोडलं नाही. विचारलंत, "किती काढली?"

"चौदा."

"मोजून?"

"मोजून."

मग तुम्ही कडी सोडलीत. एकेक करून सहाही. दांडी जागची हलली नाही.

मी खाली आलो तेव्हा तुम्ही भिंतीचं एक टोक धरून निघून गेला होतात. माझ्याशी तेवढेच शब्द बोललात, त्यापलीकडे एक नाही. मी तक्रार करत नाही. चौकशीची फाईल पुन्हा उघडणार असं व्यवस्थापक म्हणाला. माझ्यावर काय व्हायचं ते होईल. तुमच्या नावापुढचं ते वाक्य खोडलं जावं, एवढं मी लिहून दिलंय.

चिमणी मेकअप पुसता पुसता बाहेर आली. अर्ध्या चेहऱ्यावर रंग तसाच. मी हात जोडले, तर म्हणाली, "ते नको." मग माझ्या खिशातून पुस्तिका ओढून घेतली. माझ्या खुणा बघितल्या. "सगळे मोठ्याच सभागृहातले?" म्हटलं, हो. "एक तरी नाटक पाहिलंत का यातलं?" म्हटलं, नाही. "माझंही नाही?" म्हटलं, तुझंही नाही.

तिने आजूबाजूला पेन शोधलं, मिळालं नाही, तर ओठ रंगवायची लाल कांडी घेतली आणि शेवटच्या पानावर सत्तावीस तारखेच्या एका खेळाभोवती गोल काढला. छोटं सभागृह, सकाळी अकरा. म्हणाली, "इथे वर काही टांगलेलं नाही. मधली खुर्ची घ्या आणि समोर बघा. मी असेन शेजारी." मग जाता जाता वळून म्हणाली, "तो येईल असं मी सांगत नाही."

आज सकाळी खिडकीवर गेलो. बाईने विचारलं, "उजवीकडची शेवटची ना?" म्हटलं, नाही, मधल्या तीन द्या.

तुम्ही नाही आलात तरी चालेल, जावईबापू. राग धरायचा तुम्हाला हक्क आहे, आणि मला अजून तुमच्या डोळ्याला डोळा भिडवायची भीती वाटते. पण तिसरी खुर्ची तुमची आहे. नाटक संपेपर्यंत मी तिच्यावर पिशवीसुद्धा ठेवणार नाही.

तुमचा सासरा